अंगठा उजवीकडेच का जातो?

फोटो एडिट करायचं अ‍ॅप उघडलं की पहिलीच परीक्षा अक्षरओळखीची. खाली चिन्हांची रांग लागलेली असते आणि त्यातलं एकही चिन्ह स्वतःची ओळख करून देत नाही. अर्धं काळं, अर्धं पांढरं वर्तुळ म्हणजे कॉन्ट्रास्ट, उजेड-अंधारातला फरक. थेंब दिसला तर तो बहुधा ब्लर, पण शेजारच्या अ‍ॅपात तोच थेंब रंगांचा. सूर्य तर दोन-दोन, एक एक्सपोजरचा आणि एक ब्राइटनेसचा, आणि दोघेही उजेडच पाडतात. आडवी चिकटपट्टी तेवढी प्रामाणिक: ती डागांवर लावायची.

चिन्हं कळली की बोटांचा प्रश्न. स्नॅपसीड या एडिटिंग अ‍ॅपच्या जुन्या मांडणीत बोट उभं ओढलं की ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) अशी यादी उघडायची आणि आडवं ओढलं की आकडा हलायचा. बोट सरळ रेषेत चालतं, असा त्या मांडणीचा माणसाच्या हातावर गाढ विश्वास. तिरकं गेलं की कॉन्ट्रास्ट वाढवता वाढवता आपण सॅच्युरेशनमध्ये जाऊन पोचलेले असतो.

पण खरा घोळ अंगठ्याच्या स्वभावाचा आहे. आकडा हलवायच्या बहुतेक पट्ट्यांचा (स्लायडरचा) शून्य मधोमध असतो, डावीकडे उणे शंभर, उजवीकडे अधिक शंभर. अंगठा मात्र न विचारता उजवीकडे निघतो. पैसे भरलेत तर पुरेपूर वसूल करू, असा एकंदर आवेश. अ‍ॅप फुकटचं असलं तरीही. माझं स्पष्ट मत आहे की मोबाइलवरचं निम्मं एडिटिंग डाव्या बाजूला राहतं आणि तिकडे कुणी फिरकत नाही.

हायलाइट्स घ्या, म्हणजे फोटोतले सगळ्यात उजळ भाग. दुपारच्या फोटोत आभाळ पांढरंफटक झालेलं असतं. ही पट्टी उणे चाळीस-पन्नासपर्यंत आणली की ढग परत येतात, पण ते मुळात टिपले गेले असतील तरच. साध्या जेपीईजी फोटोत लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. आभाळाचे तिन्ही रंग २५५ ला जाऊन थडकले असतील तर तिथे ढगच उरलेला नाही. मग कितीही डावीकडे ओढा, आभाळाच्या जागी राखाडी पत्रा येतो. हिस्टोग्राम (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड दाखवणारा डोंगरासारखा आलेख) दिसत असेल तर बघा: डोंगर उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल तर आशा सोडा. पुढच्या वेळी फोटो काढतानाच आभाळावर टॅप करून उजेड थोडा उतरवायचा, किंवा फोनमध्ये रॉची (कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा माल जपणाऱ्या फाइलची) सोय असेल तर ती वापरायची. रॉमध्ये पायऱ्या बऱ्याच जास्त असतात, त्यामुळे ओढाताण सोसते.

शॅडोजच्या, म्हणजे फोटोतल्या अंधाऱ्या भागांच्या, बाबतीत अंगठ्याला उजवीकडे जायची परवानगी आहे, पण जपून. अंधारात दडलेला चेहरा वर येतो आणि त्याच्यासोबत अंधारात दडलेला नॉइजही. चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे ठिपके दिसायला लागतात. मग फोटो ‘क्लिअर’ करायला म्हणून लोक शार्पनिंग वाढवतात, आणि त्या रव्याचा कण न् कण टोकदार होतो. शार्पनिंगला गाल आणि रवा यांतला फरक कळत नाही. कडा दिसली की ती कोरायची, एवढंच त्याला ठाऊक. पोत उठावदार करणारी स्ट्रक्चर किंवा क्लॅरिटीही त्यातलीच. दगडी भिंतीवर शोभते, चेहऱ्यावर लावली तर माणूस दहा वर्षांनी पुढे जातो. चेहऱ्याला ती शून्याच्या डावीकडेच बरी.

रंगांमध्ये सॅच्युरेशन आणि व्हायब्रन्स ही जावा-जावांची जोडी. सॅच्युरेशन सगळ्यांना सारखंच वाढतं, त्यामुळे लाल साडी पेटते आणि गाल टोमॅटो होतात. व्हायब्रन्स फिक्या रंगांना हात देतं, आधीच भडक असलेल्यांना आवरतं आणि त्वचेच्या रंगाला सहसा सांभाळून घेतं. आणि हो, रात्री अंथरुणात एडिटिंग करायचं असेल तर आधी फोनच्या स्क्रीनचा नाइट लाइट बंद करा. त्याने अख्खी स्क्रीन पिवळट झालेली असते. आपण तो पिवळेपणा फोटोतला समजून व्हाइट बॅलन्स (फोटोचा पिवळा-निळा कल) निळ्याकडे ओढतो, आणि सकाळी पाहावं तर अख्खं कुटुंब थंडीने काकडल्यासारखं.

आता ती प्रामाणिक चिकटपट्टी. हील टूल डाग पुसत नाही, आजूबाजूचा तुकडा उचलून डागावर ठिगळ लावतं. म्हणून गालावरची पुटकुळी सहज जाते, पण कानाजवळची काढायला गेलं की गालावर कानाचा छोटासा होतकरू तुकडा उगवतो. उपाय एकच: दोन बोटांनी झूम करायचं, डागापेक्षा किंचित मोठा ठिपका द्यायचा, आणि एका दमात न फासता टिपत टिपत जायचं. मागून चाललेला अनोळखी माणूस पुसताना त्याची सावलीही निवडा, नाहीतर रस्त्यावर धनी नसलेली सावली उरते. चेहरा बारीक करायच्या टूलबद्दल इतकंच सांगतो की ते फक्त चेहरा आत ओढत नाही, शेजारची चौकटही ओढतं. दाराला कंबर आलेली दिसली की जाणकार मंडळी समजून जातात.

क्रॉप आणि आडवी रेघ सरळ करणं हे सगळ्याच्या आधी उरकावं, कारण फोटो फिरवला की कोपरे कापले जातात आणि तिथेच कुणाचे तरी पाय असतात. ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १२ मेगापिक्सेल. लांबी-रुंदी निम्मी कापली की उरतात फक्त ३.

मध्येमध्ये फोटोवर बोट दाबून धरा, बऱ्याच अ‍ॅपांत मूळ फोटो दिसतो. डोळा फार लवकर सरावतो. पाच मिनिटांत भडक रंगही त्याला साधे वाटू लागतात. म्हणून फोन पालथा ठेवायचा, पाणी पिऊन यायचं आणि मग बघायचं. फिल्टर लावला असेल तर त्याचीही पट्टी असते, ती शंभरावरून तिसापर्यंत आणायची. डावीकडे.

सेव्ह करताना ‘कॉपी’ निवडा, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो. तयार जेपीईजी पुन्हा उघडून, बदलून, पुन्हा सेव्ह केला की दर खेपेला थोडा झिजतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर तिथेही तो दाबून लहान केला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. तसा पाठवला की तासाभराने समोरून उत्तर येतं: ‘कसली फाइल आहे? फोटो पाठव ना.’