केतकरांनी प्लूटो ‘शोधला’ नव्हता

दर काही महिन्यांनी हा फॉरवर्ड नव्याने फिरायला लागतो. यंदा तो आमच्या शाळेच्या ग्रुपवर आला, खाली जोडलेल्या हातांची रांग लावून. मजकूर थोडक्यात असा: व्यंकटेश बापूजी केतकर या मराठी ज्योतिर्विदाने १९११ मध्येच नेपच्यूनपलीकडचा ‘ब्रह्मा’ हा ग्रह गणिताने शोधला. तोच १९३० मध्ये सापडलेला प्लूटो. अंतरही जुळलं, प्रदक्षिणेचा काळही जुळला. फ्रान्सने ते मान्य केलं, पण श्रेय अमेरिकेने लाटलं. आणि त्यांचा दुसरा ग्रह ‘विष्णू’ म्हणजेच आज नासा शोधत असलेला नववा ग्रह.

यातलं खरं आधी सांगतो. केतकरांचं टिपण १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोलशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत आलं होतं. त्यात ब्रह्मा आणि विष्णू होते. ब्रह्माचं सूर्यापासूनचं सरासरी अंतर त्यांनी ३८.९५ खगोलीय एकक दिलं (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे एक एकक) आणि प्रदक्षिणेचा काळ २४२.२८ वर्षं. प्लूटोचे आकडे आहेत ३९.४८ एकक आणि २४८ वर्षं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही खुर्चीत सरसावून बसलो होतो.

पण ‘दोन्ही आकडे जुळले’ हे म्हणणं फसवं आहे. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार अंतर ठरलं की काळ आपोआप ठरतो. अंतराचा घन करा, त्याचं वर्गमूळ काढा, वर्षं हातात येतात. म्हणजे जुळलेली गोष्ट एकच आहे, ती दोनदा मोजली गेली.

आणि ती एक गोष्ट तरी किती दुर्मीळ? अठराव्या शतकात टिटियस आणि बोडे यांनी ग्रहांच्या अंतरांसाठी एक ठोकताळा मांडला होता. ०.३ ला दुप्पट-दुप्पट करत जायचं आणि दर वेळी ०.४ मिळवायचे. युरेनसनंतरच्या जागेसाठी हा ठोकताळा ३८.८ एकक देतो. तिथे नेपच्यून हवा होता. तो निघाला ३० एककांवर आणि ठोकताळा आपटला. पण प्लूटो मात्र ३९.४८ वर! म्हणून बोडेने प्लूटो शोधला असं कोणी म्हणतं का? शिवाय त्या काळात असे अंदाज रतीब घातल्यासारखे येत होते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गैयो यांनी १९०९ मध्ये ४४ आणि ६६ एककांवर दोन ग्रह सांगितले. अमेरिकेत खगोलशास्त्रज्ञ पिकरिंग यांनी १९०८ ते १९३२ या काळात इंग्रजी अक्षरांच्या नावांचे तब्बल सात ग्रह मांडले. इतके खडे मारल्यावर एखादा झाडाला लागायचाच. ‘फ्रान्सने मान्य केलं’ याचं उत्तरही यातच आलं: छापून येणं वेगळं, मान्यता वेगळी.

आता ‘गणिताने शोधला’ या शब्दांकडे येऊ. गणिताने ग्रह शोधणं कसं असतं ते १८४६ मध्ये दिसलं. युरेनस हिशेबाप्रमाणे चालत नव्हता. त्यावरून फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी नवा ग्रह आकाशात नेमका कुठे दिसेल ते काढलं आणि बर्लिनच्या वेधशाळेतल्या गाले यांना पत्र पाठवलं. २३ सप्टेंबरला पत्र मिळालं आणि त्याच रात्री नेपच्यून सापडला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत. केतकरांनी दिशा दिलीच नव्हती. सरासरी अंतर आणि काळ, बस. पुण्यापासून साठ किलोमीटरवर एक विहीर आहे एवढंच कोणी सांगितलं तर आपण सासवडच्या बाजूला निघायचं की लोणावळ्याच्या?

त्यांची पद्धतही पाहायला हवी, कारण खरी गंमत तिथे आहे. गुरूचे तीन चंद्र एका तालात फिरतात. गॅनिमीडची एक फेरी होते तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार. फ्रेंच गणिती लाप्लासने हे नातं उलगडलं होतं. तसंच नातं युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्यापुढच्या ग्रहांत असणार, हे केतकरांचं गृहीतक. कल्पना सुंदर आहे, पण युरेनस (८४ वर्षं) आणि नेपच्यून (१६५ वर्षं) एक-दोनच्या तालाजवळ येतात खरे, त्यात बांधलेले नाहीत. गृहीतकाचा पायाच नाही. मात्र नेपच्यून आणि प्लूटो खरोखरच तालात आहेत: नेपच्यूनच्या तीन फेऱ्या, तेवढ्यात प्लूटोच्या दोन. केतकरांच्या बाजूने बोलायचं तर हा मुद्दा घ्यावा, पण नेमका तोच फॉरवर्डमध्ये नसतो. अर्थात इथेही युरेनसचा संबंध येत नाही, आणि ब्रह्माच्या आकड्यांत हा ताल नेमका बसत नाही. त्यासाठी २४२ नव्हे, २४७ वर्षं लागतात.

श्रेय लाटल्याचं म्हणाल, तर अमेरिकेतही श्रेय चुकीच्याच माणसाला मिळालं होतं. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लॉवेल यांनी युरेनसच्या चालीत उरलेल्या घोळावरून पृथ्वीच्या सहा-सात पट वजनाचा ‘एक्स ग्रह’ हिशेबाने मांडला आणि १९१६ मध्ये ते वारले. पुढे त्यांच्याच वेधशाळेत, ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला, क्लाइड टॉम्बॉ हा तरुण राशिचक्राचा पट्टा तुकड्यातुकड्याने टिपत होता आणि वेगवेगळ्या रात्रींच्या छायाचित्रांच्या काचा आलटून-पालटून पाहत कोणता ठिपका सरकला ते शोधत होता. १८ फेब्रुवारी १९३० ला मिथुन राशीतला एक ठिपका सरकलेला दिसला. जागा लॉवेलच्या अंदाजापासून सहा अंशांवर, म्हणून जयजयकार झाला. पण १९७८ मध्ये प्लूटोचा चंद्र शॅरन सापडला, त्यावरून वजन काढता आलं, आणि प्लूटो पृथ्वीच्या साडेचारशे पटींनी हलका निघाला. तो युरेनसला काय हलवणार? १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ हे नासाचं यान नेपच्यूनजवळून गेलं आणि नेपच्यूनचं वजन नीट कळलं. ते वापरून १९९३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ स्टँडिश यांनी हिशेब पुन्हा मांडला, तर युरेनसच्या चालीतला घोळच नाहीसा झाला. लॉवेलचंही जुळणं योगायोग होतं. शोध टॉम्बॉच्या डोळ्यांचा आणि चिकाटीचा.

विष्णूचं थोडक्यात आटपतो. तो कधीच सापडला नाही; एकाच पद्धतीचा एक अंदाज लागला, दुसरा हुकला. ब्राउन आणि बाटीगिन या खगोलशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडलेला नववा ग्रह त्याच्याशी संबंधित नाही. तो अंदाज सेडनासारख्या दूरच्या लहान पिंडांच्या कक्षा एका बाजूला झुकलेल्या दिसतात त्यावर उभा आहे, आणि सेडना सापडली २००३ मध्ये. त्यातही ही झुकलेली मांडणी खरी की आपण आकाशाच्या ठरावीक भागांतच जास्त शोधतो म्हणून तशी दिसते, यावर वाद चालू आहे. ग्रह अजून कोणाला दिसलेला नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ‘ज्योतिर्गणित’ आणि ‘केतकी ग्रहगणित’ लिहून पंचांगातलं गणित आकाशाशी जुळलंच पाहिजे असा आग्रह धरणारा हा माणूस, आणि आपण त्याला ओळखतो ते न जुळणाऱ्या गोष्टीसाठी. प्लूटो सापडला त्याच वर्षी केतकर गेले. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: ‘शोधला’ खोडून ‘अंदाज केला’ घाला, विष्णूची ओळ काढा, आणि त्या जागी त्यांच्या ग्रंथांची नावं लिहा. दोघांनी अंगठा दाखवला. तिसऱ्याने तोच फॉरवर्ड पुन्हा टाकला.