बाँडची धून कुणी चोरली? कुणीच नाही

नवा बाँडपट येणार म्हटलं की एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. त्याचं म्हणणं असं : जेम्स बाँडची ती जगप्रसिद्ध धून खरं तर जॉन बॅरीची. मॉन्टी नॉर्मन नावाच्या कुणा सटरफटर माणसाने कराराच्या जोरावर तिला आपलं नाव लावलं, जन्मभर रॉयल्टी खाल्ली आणि कोर्टानेही त्याचीच बाजू घेतली. बॅरी माझाही अत्यंत आवडता संगीतकार आहे. पण त्याला मोठं करण्यासाठी दुसऱ्याला चोर ठरवायची गरज नाही.

पहिला मुद्दा, धून बॅरीने शून्यातून रचली हा. १९६२च्या ‘डॉ. नो’चा संगीतकार नॉर्मन होता आणि शीर्षकसंगीतासाठी त्याने आपल्या जुन्या बाडातलं एक गाणं काढलं. भारतीय वंशाचे लेखक व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवर एक संगीत नाटक व्हायचं होतं, ते रंगभूमीवर आलंच नाही. त्यासाठी रचलेलं ‘बॅड साइन, गुड साइन’ हे ते गाणं. गाणारा त्रिनिदादमधला भारतीय वंशाचा माणूस, आणि गाऱ्हाणं काय, तर जन्मापासून मागे लागलेली अपशकुनी शिंक! नॉर्मनच्या सांगण्यानुसार त्याने त्या चालीतले सूर तोडून तोडून घेतले आणि त्यातून गिटारची ती ओळ तयार झाली. ते गाणं ऐकून पाहा. पहिल्या ओळीतच ओळख पटते.

मग बॅरीने काय केलं? पुष्कळ केलं. निर्मात्यांना नॉर्मनच्या चालीत हवा तो जोर सापडेना, म्हणून त्यांनी बॅरीला बोलावलं. तेव्हा तो पॉप आणि जॅझच्या दुनियेत ‘जॉन बॅरी सेव्हन’मुळे नावारूपाला आला होता. त्या वाद्यवृंदातल्याच विक फ्लिकने गिटार वाजवली. मधला झोकदार जॅझचा तुकडा, अंगावर येणारे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन, एकूण सगळा रुबाब बॅरीच्या हातचा आहे. नुसत्या चालीवर ही धून साठ वर्षं टिकली असती असं मला वाटत नाही. पण चाल बांधणं वेगळं आणि वाद्यमेळ उभा करणं वेगळं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांची अरेंजमेंट होती. त्यांना श्रेय कमी मिळालं हे खरं, म्हणून चालीही त्यांच्याच होत्या असं आपण म्हणत नाही. बाँडच्या बाबतीत तर उलटंच झालं : अरेंजरची कीर्ती जगभर, आणि चाल बांधणाऱ्यावर संशय.

‘सटरफटर’ या शेऱ्याबद्दल थोडक्यात. नॉर्मन आधी बिग बँडचा गायक होता. ‘एक्स्प्रेसो बोंगो’ या १९५८च्या गाजलेल्या संगीत नाटकाच्या रचनेत त्याचा वाटा होता, आणि ‘इर्मा ला दूस’ या फ्रेंच संगीत नाटकाची इंग्रजी गाणी लिहिणाऱ्यांतही तो होता.

कोर्टाविषयी मात्र या मजकुरात सरळसरळ चूक आहे. बॅरी विरुद्ध नॉर्मन असा खटला कधी झालाच नाही. धून बॅरीची असल्याचं ‘संडे टाइम्स’ने १९९७ साली छापलं, म्हणून नॉर्मनने त्या वर्तमानपत्रावर बदनामीचा दावा लावला. बॅरी वर्तमानपत्राच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. नॉर्मनचा करार होता म्हणून नाव त्याचं राहिलं आणि मला ठरावीक रक्कम मिळाली, असं त्याने शपथेवर सांगितलं. दोन्ही बाजूंच्या संगीततज्ज्ञांनी धुनेची चिरफाड केली. हे सगळं ऐकून मार्च २००१मध्ये लंडनच्या ज्यूरीने नॉर्मनच्या बाजूने कौल दिला आणि ३०,००० पौंडांची भरपाई ठरवली. कौल पटला नाही असं म्हणायला कुणाची हरकत नाही. पुरावा न पाहताच तो दिला, असं मात्र म्हणता येत नाही.

‘पुढच्या बाँडपटांना नॉर्मन कुठे होता?’ हा प्रश्न मोठ्या विजयी सुरात विचारला जातो. नव्हता. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’पासून १९८७च्या ‘द लिव्हिंग डेलाइट्स’पर्यंत ११ बाँडपटांचं संगीत बॅरीने केलं. त्यावरून निर्मात्यांना बॅरी जास्त आवडला एवढंच कळतं. पहिली चाल कुणी बांधली ते कळत नाही.

आणि बॅरी लुटला गेला, हे तर हास्यास्पदच. यॉर्कमध्ये बापाच्या चित्रपटगृहांत वाढलेल्या या पोराने पाच ऑस्कर मिळवली : ‘बॉर्न फ्री’ची दोन, मग ‘द लायन इन विंटर’, ‘आउट ऑफ आफ्रिका’ आणि ‘डान्सेस विथ वुल्व्हज’. यातलं एकही बाँडसाठी नाही. टीव्हीवरच्या ‘द पर्स्वेडर्स!’ची १९७१ची धून ऐका. संतूरच्या जातीचं सिंबलम वापरून त्याने काय गूढ वातावरण उभं केलंय! बाँडवाल्यांना ती सहसा माहीतही नसते.

नायपॉल यांचं नाव निघालं की लगेच दुसरं टोक गाठणारेही भेटतात : म्हणजे बाँडची धून भारतीयच की! तेही नको. नॉर्मन लंडनच्या ईस्ट एंडमधल्या ज्यू कुटुंबातला. कादंबरीतल्या पात्राला शोभेल अशी, त्याच्या कानाला भारतीय वाटणारी चाल त्याने बांधली, इतकाच तो संबंध.