आधी देवाचा कौल, लेखकाचं मग बघू

देवळाच्या वर्धापनदिनाला नाटक बसवायचं ठरलंय? उत्तम. पण परवानग्या नीट घ्या बरं का. पहिला मान रवळनाथाचा. कौल लावा, गाऱ्हाणं घाला, सगळ्यांनी मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणा. मग मानकरी, मग ज्याच्या खळ्यात मांडव पडणार तो, ज्याच्या माडाला हॅलोजन बांधणार तो. कर्ण्यासाठी पोलीस ठाणं. (मुंबईच्या चाकरमान्यालाही विचारा. तालमीला येत नाही, पण हिरोचं काम त्यालाच लागतं.) उरला लेखक. तो कुठे आपल्या वाडीत राहतो?

संहितेची झेरॉक्स काढताना पहिलं पान तेवढं गाळा. ‘प्रयोगापूर्वी लेखकाची लेखी परवानगी आवश्यक’ हे तिथंच पत्त्यासकट छापलेलं असतं. आमचा झेरॉक्सवाला पोरगा आता स्वतःच विचारतो, ‘पयला पान होया काय?’ तयार झालाय. पान वाचलं की पत्र लिहिणं आलं. मग लेखक मानधन सांगणार. हॅलोजनच्या भाड्याहून कमीच असतं म्हणा, पण उगाच सवय कशाला लावा?

कायद्याला तर मुळीच भिऊ नका. 1957 चा कॉपीराइट कायदा हौशी मंडळांवर मेहेरबान आहे: फुकट दाखवलेल्या हौशी प्रयोगाला कलम 52 मध्ये सूट दिलीय. म्हणून तुम्ही दारात शंभराचं तिकीट लावा. वर ‘देणगी प्रवेशिका’ छापलं की झालं. जमलेल्या पैशांत क्रिकेटचे सामने भरवा. सगळं नाटक यूट्यूबवर चढवा, खाली मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं घाला, आणि लेखकाला ‘ज्ञात-अज्ञात हितचिंतकां’त बसवा. कलम 63 मधली 6 महिने ते 3 वर्षांची कैद आपल्यासाठी थोडीच आहे!

कोणी शहाणा सांगेल, लेखक जाऊन 60 वर्षं उलटली की विचारावं लागत नाही, गडकरी 1919 मध्ये गेले, त्यांचं बसवा. बसवू की. पण ती पानपानभर भाषणं पाठ कोण करणार?

जपायचा तो मंडळाचा पडदा. आमचा जंगलाचा, हाताने रंगवलेला, गेल्या मे महिन्यात शेजारच्या वाडीने न विचारता नेला. तीन बैठका झाल्या, दोन घरांचं बोलणं तुटलं. शेवटी मीच गेलो आणि दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावू नये, असं चांगलं अर्धा तास सुनावलं. त्यांचा पेटीवाला भाता मिटत म्हणाला, ‘पडदो तुमचो, बरोबर. आनि नाटक कोणाचा?’