सूर्य मावळेपर्यंत बसा

कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला सॅम लिन बॉलपार्क म्हणून 1941 चं जुनाट मैदान, तिथे ब्लेझ नावाची टीम खेळायची, मोठ्या लीगच्या कितीतरी पायऱ्या खालची. बाबा अकोल्याहून आलेले, जुलै महिना, म्हटलं चला बाबांना बेसबॉल दाखवू (तिकीट स्वस्त होतं हे खरं कारण).

आता बेसबॉलच्या नियमातच लिहिलंय की बॅटिंग करणाऱ्याचं तोंड पूर्व-ईशान्येला असलेलं बरं, म्हणजे संध्याकाळचं ऊन डोळ्यावर येत नाही. इथे बांधणाऱ्याने बरोब्बर पश्चिमेला तोंड करून ठेवलेलं! बॅटर, कॅचर, अंपायर, सगळ्यांच्या डोळ्यात सूर्य, आणि त्यांच्या मागे बसलेल्या आमच्याही. मग काय, सूर्य खाली जाईपर्यंत मॅचच सुरू नाही. क्रिकेटमध्ये उजेड कमी पडला म्हणून खेळ थांबतो, इथे जास्त झाला म्हणून. आणि जुलैत तिथे सूर्य आठ वाजले तरी हलायला तयार नसतो.

चाळीसच्या आसपास तापमान, खुर्चीला हात लागला की चटका, मी घामाने निथळतोय आणि बाबा आपले डोक्याला दुपट्टा गुंडाळून, शर्टाच्या खिशात कांदा ठेवून निवांत. ऊन लागू नये म्हणून घरून आठवणीने घेतलेला. "हे काय ऊन हाय का बे?" म्हणाले. शेजारचे गोरे आजोबा बिअर पिता पिता त्या खिशाकडे बघत होते, मी तोंड फिरवून नाचोज खात बसलो, त्या पिवळ्या चीजवर एव्हाना साय धरली होती. खाली खेळाडू सूर्यफुलाच्या बिया चघळत पचापच थुंकतायत.

पण बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, त्यांना उन्हाचं नाही, नकाशाचं टेन्शन. "प्लॅन पास कोणी केला? उत्तर दिशा तरी दाखवली होती का त्यात?" मॅच सुरू झाली, सेंटर फील्डची, म्हणजे बॅटरच्या अगदी समोरची भिंत जेमतेम 354 फुटांवर, एकाने होमरन (आपल्या सिक्सरसारखा) मारला, सगळे उठून नाचतायत, आणि हे बोटाने हवेत मैदान फिरवून बघतायत.

2016 च्या सीझननंतर ती टीमच बंद झाली. फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "आणि तो ओव्हरसियर? पेन्शन घेऊन गेला असेल ना आरामात?"