‘लाकूड आमचंच, तरी एवढी मजुरी?’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. एकच तारा दिलात, वाईट वाटलं. पण लिहिलंय त्यातलं बरंचसं खरं आहे, म्हणून इथंच सगळ्यांसमोर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं: लाकूड आमच्या घरचं, उरलंसुरलं, तरी भिंतीवरच्या पुस्तकांच्या कपाटाची मजुरी ६,५०० रुपये घेतली, लेकीच्या पलंगावरच्या भिंतीला लावा म्हटलं तर ऐकलं नाही, समोरच्या पट्टीवर डाग तसाच ठेवला, आणि पंधरा दिवसांत उजवा कोपरा भिंतीपासून सुटला.

कोपऱ्याचं आधी बोलतो, कारण ती चूक पूर्ण माझी आहे. तुमच्या त्या भिंतीचं प्लास्टर उजवीकडं पोकळ आहे. बोटाच्या पेरानं ठोकलं तरी आवाज बदलतो, डावीकडं भरीव आणि उजवीकडं ढबढब. भोक पाडायच्या आधी हे ठोकून बघणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. वर दोन इंची स्क्रू वापरला. प्लास्टरच इंचापेक्षा जाड, त्यामुळं गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात बसवतात ती खुंटी, निम्मी प्लास्टरात राहिली, विटेत धरलीच नाही. माझ्यासोबतच्या पोरानं ड्रिल मारलं असलं तरी त्याला काही बोलू नका, मी शेजारीच उभा होतो. पुस्तकं वेळेत उतरवलीत म्हणून कुणाला लागलं नाही. या गोष्टीनं मला दोन रात्री झोप नव्हती.

दुरुस्तीला आलो तेव्हा तुम्ही शाळेत होतात, म्हणून काय केलं ते सांगतो. पोकळ प्लास्टर फोडून सिमेंटनं भरून घेतलं आणि चार दिवस पाणी मारायला सांगितलं. मग चार इंची स्क्रू थेट विटेत. शिवाय मागं चार फुटांची सलग सागवानी पट्टी बसवली, वरची कड तिरपी कापलेली. कपाटाच्या पाठीला तशीच उलटी पट्टी आहे, ती हिच्यावर अडकते. आता वजन एका कोपऱ्यावर येत नाही, सगळ्या पट्टीवर वाटलं जातं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. याचे पैसे घेतलेले नाहीत, घेणारही नाही.

आता पलंगाचं. ताई, तुमच्या लेकीची नीट परीक्षेची पुस्तकं मी एक फूट रांग मोजून पिशवीत भरली आणि तोलली होती. ८ किलो भरली. चार फुटांच्या दोन फळ्या म्हणजे ६४ किलो, कपाटाचं स्वतःचं वजन वेगळं. एवढं ओझं निजलेल्या लेकराच्या डोक्यावर मी टांगणार नाही. तुम्ही लिहिलंत, ‘कारागीर आपलंच खरं करतो.’ या एका बाबतीत करतो. मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी सातवीत होतो. गणपती बोळवून माणसं झोपली होती आणि भूकंपात दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या. तेव्हापासून उशाशी जड काही दिसलं की माझा हात आपोआप थांबतो. म्हणून टेबलाच्या बाजूची भिंत निवडली. तुमच्याशी दोन शब्द नीट बोलून निवडायला हवी होती, ते राहिलं.

मधे उभी फळी घालून खण पाडले, तेही तुम्हाला आवडलं नाही. १८ मिलिमीटरची प्लाय चार फूट मोकळी ठेवली असती तर पावसाळ्यापर्यंत तिला झोळ आला असता. फुटामागं वजन तेवढंच राहून टेकूंमधलं अंतर दुप्पट झालं, की झोळ दुप्पट नाही, सोळापट वाढतो. समोर दीड इंची सागवानी पट्टी उभी लावलीय तीही नुसती शोभेची नाही, फळीला खालून धरून ठेवते.

मजुरीचं. तुमच्या ट्रॉलीच्या कामातून उरलेले प्लायचे तुकडे सरळ होते, त्यांना वेळ लागला नाही. वेळ खाल्ला गावाकडच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या धाब्याच्या घराच्या दारानं; समोरची पट्टी त्याच्यातलीच. त्यातून ४३ खिळे काढले, सगळे जुन्या घडणीचे, डोकं तुटतं आणि अंग आत राहतं. असाच एक आत राहिलेला करवतीच्या पात्याला लागला. मग रंधा मारायचा, भोकं भुसा आणि फेविकॉलनं बुजवायची. दोन माणसांचे तीन दिवस गेले. याच पैशात बाजारात भुश्याच्या बोर्डाचं तयार कपाट मिळतं, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि काम धरायच्या आधी ते मीच तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. आता जुन्या लाकडाचं काम आलं की खिळे काढण्याची मजुरी आधी वेगळी लिहून देतो.

राहिला डाग. तो डाग नाही ताई. दाराची कडी वर्षानुवर्षं घासून पडलेली अर्धगोल खूण आहे. तुमच्या सासऱ्यांच्या घरचं दार, म्हणून मी ती मुद्दाम समोर घेतली, रंधा तिथं हलका मारला. पण विचारलं नाही. नको असेल तर पट्टी काढून उलटी बसवून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. रविवारी सकाळी दहानंतर येऊ शकतो. त्याआधी मात्र एकदा सासऱ्यांना ती खूण दाखवा.