तयारीला म्हणे १० मिनिटं!

परवा रविवारी दुपारी पावणेतीनला मी आमच्या स्वयंपाकघरातली खरकटी भांडी मोजली. १७ भरली. चार माणसांच्या एका सुपासाठी १७ भांडी! त्यात गणपतीतच माळ्यावरून उतरतं ते मोठं पातेलंसुद्धा. रविवारी भांडीवाल्या मावशींची सुट्टी. नळाचं पाणी आमच्या सोसायटीत सकाळी, दुपारी धार किती येईल ते टाकीच्या मर्जीवर. आणि माझ्या पाककृतींच्या पुस्तकात त्या रेसिपीच्या नावाखाली तिरप्या नाजूक अक्षरात छापलंय : ‘तयारी १० मिनिटं, कृती २५ मिनिटं.’

कोणाच्या घरी? ते लिहिणाऱ्या बाईला कांदे कोणी सोलून दिले?

हे पुस्तक मी आणलं तेच वैतागून. सोमवारी भेंडी, मंगळवारी फ्लॉवर-बटाटा, बुधवारी फरसबी, गुरुवारी दुधी, शुक्रवारी कोबी, की फिरून सोमवारी भेंडी. साडेपाचला उठायचं, तीन डबे भरायचे, मुलुंडहून आठच्या आसपासची फास्ट पकडायची. संध्याकाळी सीएसएमटीहून तसंच लटकत परत यायचं आणि चपला काढायच्या आत कानावर येतं, “आज जेवायला काय?” पोळ्या लाटायचा मला कंटाळा नाही हो. हात आपोआप चालतात, डोकं भलतीकडे असतं, तेवढाच काय तो आराम. कंटाळा येतो तो रोज ठरवायचा. घरातल्या कोणालाही विचारा, काय करू? उत्तर ठरलेलं : “काहीही कर.” काहीही नावाची भाजी मी मुलुंडच्या बाजारात शोधून थकले. आणि काहीही म्हणणाराच ताटात दुधी दिसला की तोंड वाकडं करणार.

तर ऑफिसातल्या मैत्रिणीने सुचवलं, अगं, आठवड्याला एक नवीन पदार्थ करून बघ, मन रमतं. रमलं! आगीतून फुफाट्यात पडले मी.

सुरुवात मापांपासून. ‘१ कप’. कुठला कप? चहाचा? पाहुण्यांना काढतो तो? अमेरिकन कप म्हणजे साधारण २४० मिली. आमच्या आमटीच्या वाटीत पाणी भरून औषधाच्या टोपणाने मोजलं, तर १५० मिली. बरं, सगळंच वाटीने घेतलं असतं तर प्रमाण कुठे बिघडतंय? पण पुढच्याच ओळीत ‘२०० ग्रॅम’ आणि त्याच्या खाली ‘२ टेबलस्पून’. टेबलस्पूनही एकसारखा नाही, इतरत्र १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियात २० चा. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याने मापं दिली, त्यावर कित्येक जणी स्वयंपाक शिकल्या. पण ते गुळगुळीत कागदावर शोभत नसेल.

(आपल्या जुन्या वह्याही काही कमी नाहीत म्हणा. ‘मीठ अंदाजाने, पाणी लागेल तसं, खमंग वास येईपर्यंत भाजा.’ अंदाज असता तर वही कशाला उघडली असती?)

मग येतात लपवलेल्या ओळी. साहित्य वाचलं, सगळं घरात आहे, खूश. ओटा पुसला, कढई चढवली. पहिली पायरी, दुसरी पायरी, तिसरी. आणि सहाव्या पायरीला : ‘आता रात्रभर भिजवून ठेवलेले छोले घाला.’ आता? संध्याकाळचे सात वाजलेत, माझे छोले डब्यात खडखड वाजतायत. ही ओळ वर, लाल शाईत, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नको का? नाहीतर ‘पान २१२ वरचा स्टॉक ४ कप’. पान २१२ उघडलं तर तिथे स्वतंत्र दीड तासाचं काम, आणि त्यातल्या मसाल्यासाठी ‘पान १९ पाहा’. सरकारी कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात ना, अगदी तसं. फरक एवढाच की इथे गॅस चालू असतो.

क्रीमची कथा तर थोडक्यात सांगते, नाहीतर माझंच दूध नासेल. ‘क्रीम फेटून घट्ट करा.’ मी पाकिटातलं फ्रेश क्रीम आणलं आणि फेटलं. पंधरा मिनिटं फेटलं, हात बदलून फेटलं, मुलाला फेटायला लावलं. ते जसंच्या तसं पातळ. नंतर पाकिटाची मागची बाजू वाचली : स्निग्धांश २५ टक्के. फुलून उभं राहायला क्रीममध्ये तीस-पस्तीस टक्के तरी स्निग्धांश लागतो, म्हणजे मी दिवसभर उभी राहून फेटलं असतं तरी ते हललं नसतं. पुस्तकाला हे एका वाक्यात सांगता आलं नसतं? आमच्या पाहुण्यांनी त्या दिवशी केक क्रीमच्या रश्श्यात बुडवून खाल्ला.

आता रविवारचं कांद्याचं सूप. फोटोत मातीचा बाऊल, वर वितळलेलं चीज, शेजारी सुती नॅपकिन, खिडकीतून ऊन. आमच्या खिडकीतून समोरच्या विंगचे वाळत घातलेले कपडे दिसतात. असो. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर घामाच्या धारा पुसत क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चालत गेले, थाइम नावाचा विलायती पाला घेतला. पुस्तकाला हवं असलेलं ते ग्रुयेर चीज दुकानदाराने दाखवलं, मी किंमत विचारली आणि चीजच्या साध्या क्यूब्स घेऊन निघाले. अर्धा कप व्हाइट वाइन घालायची होती. सासूबाईंच्या देखत? ती पायरी मी डोळे मिटून ओलांडली.

एक किलो कांदे. सोलून, उभे पातळ चिरून डोळ्यांतून पाणी काढण्यातच तुमची ती १० मिनिटं कधीच संपली. १२ वाजून ५ मिनिटांनी कांदे पातेल्यात पडले. पुस्तक म्हणतं, ‘१० मिनिटं परता, गडद तपकिरी आणि गोड होतील.’ सव्वाबाराला बघते तर पातेल्यात पांढरा, ओशट, रडका ढीग. कांद्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. ते उडून जाईपर्यंत कांदा आपल्याच पाण्यात शिजत बसतो, त्याला रंग येणार कुठून? गॅस मोठा केला तर कडा करपल्या, मधला भाग कच्चा. पुन्हा बारीक केला. साडेबारा, ओट्यापाशी उभी. पावणेएक, उभी. घाम कपाळावरून नाकावर आणि नाकावरून पदराला. पंखा लावावा तर गॅस विझतो. एक वाजून दोन मिनिटांनी कांदे त्या फोटोच्या रंगाचे झाले. ५७ मिनिटं! आणि एक किलोचे झाले किती? जेमतेम दीड वाटी. बिर्याणीचा कांदा तळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. त्या पुस्तकवाल्यांनी कोणाला विचारलं देव जाणे.

पुढे पावावर चीज घालून ओव्हनमध्ये ‘४०० वर’ ठेवायचं. माझ्या ओटीजीचा काटा २५० च्या पुढे जातच नाही. मला वाटलं, ओटीजीच हलक्या प्रतीचा घेतला गेला. मग चष्मा लावून पाहिलं तर आकड्यापुढे मुंगीएवढा एफ. फॅरनहाइट! म्हणजे आपले साधारण २०० सेल्सिअस. मुंबईत छापलेलं, मुंबईत विकलेलं पुस्तक, आणि तापमान फॅरनहाइटमध्ये. आपल्याकडे फॅरनहाइट फक्त ताप आल्यावर काढतात.

दोनला पानं घेतली. सासूबाईंनी चमच्याने ढवळून पाहिलं.

“हे काय गं?”

“आई, कांद्याचं सूप आहे. फ्रेंच.”

“एवढा कांदा घेतलास, त्यात चार वांगी तरी टाकायचीस.”

चिरंजीव आठवीत आहेत, ते म्हणाले, “आई, यात मॅगी टाकू?” आणि नवरा, ज्याने सकाळपासून तीनदा आत येऊन ‘वास मस्त येतोय’ म्हटलं होतं, त्याने अर्धा बाऊल संपवला, ‘छान झालंय गं’ म्हणाला आणि मग अगदी हळू, जपून विचारलं, “थोडा भात लावायचा का?”

सतरावं भांडं कोणतं ते कळलं ना? भाताचा कुकर. दही, भात आणि लिंबाचं लोणचं. सगळ्यांनी दोनदोनदा घेतला. मीसुद्धा घेतला, खोटं कशाला बोलू.

तुम्ही म्हणाल, मग सोड की हा नाद. सोडते कुठे? फ्रिजच्या दारात माझी संग्रहालयं उभी आहेत : ताहिनीची पाऊण बाटली, ऑयस्टर सॉस, केपर्स नावाचे आंबट हिरवे मणी, आणि आता थाइम, ज्यातलं अर्धा चमचा वापरलंय. सासूबाई रोज दूध काढताना त्या बाटल्यांना असं बाजूला सारतात, जसं गर्दीच्या डब्यात पुढच्या बाईला सारतात. या बाटल्या संपवायच्या तर आणखी रेसिप्या करायच्या, त्यासाठी आणखी बाटल्या आणायच्या. छान सोय आहे दुकानदारांची.

भांडी घासून झाल्यावर सव्वाचारला मी पेन्सिल घेतली आणि ‘१० मिनिटं परता’ खोडून समासात लिहिलं : ५७. उभ्याने. खाली ‘२५ मिनिटं’ होतं तिथे लिहिलं : थापा. चारशेच्या आकड्याभोवती गोल केला. मग पान उलटलं आणि पुढची रेसिपी शेवटच्या ओळीपासून वर वाचत गेले. हल्ली तशीच वाचते.

आत्ता रात्रीचे साडेदहा वाजलेत. उद्यासाठी भेंडी धुऊन फडक्यावर पसरून ठेवलीय. आणि दोन वाट्या छोले भिजत घातलेत. कशासाठी ते अजून ठरलेलं नाही.