‘तेवढ्या पैशात चार हापसे बसले असते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘संडास मोजून झाले, पुढे काय?’ या माझ्या मागच्या लेखावर ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. लेख बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या, म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांबद्दल होता. तिथल्या पाण्याच्या आणि संडासांच्या कामाचं मूल्यमापन कसं होतं आणि त्यात काय निसटतं, हा विषय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा गाभा त्यांच्याच शब्दांत देते:

‘ताई, एसी हॉटेलात बसून गरिबांचं पाणी मोजणं सोपं असतं. मूल्यमापनाच्या नावाखाली जो पैसा उधळता, तेवढ्या पैशात चार हापसे बसले असते आणि लोकांनी दुवा दिला असता. नयापाडा उखियात नाही, टेकनाफमध्ये आहे, एवढंही माहीत नाही. माणशी 15 लिटर ही सरासरी झाली, सरासरीने कुणाची तहान भागत नाही. आणि टेकनाफच्या मूळ गावकऱ्यांचं पाणी आटलं, त्याचं काय? अख्ख्या लेखात त्यांच्या वाट्याला एक परिच्छेद!’

एरवी अशा प्रतिक्रियांना मी दोन ओळींत उत्तर देते. या वेळी जमलं नाही.

आधी ते ‘ताई’. ज्या माणसाला आपलं नाव लिहायचा धीर होत नाही, तो मला पहिल्याच शब्दात बहीण करून घेतो आणि दुसऱ्या शब्दापासून अक्कल शिकवतो. ‘स्पष्टवक्ता सुखी भवेत्’ म्हणतात ते खरं असावं, कारण निनावी राहून स्पष्ट बोलण्यासारखं दुसरं सुख नाही. माझं नाव, माझा पेशा, मी कुठे किती महिने काढले, हे सगळं या ब्लॉगवर उघड आहे. तुमचं काहीच नाही. तरी मी तुम्हाला अहो-जाहोच करणार आहे, कारण घरचं वळण तसं आहे.

नयापाड्याबद्दल तुमचं बरोबर आहे. नयापाड्याची छावणी कॉक्स बाजार जिल्ह्याच्या टेकनाफ उपजिल्ह्यात आहे, शेजारच्या उखियात नाही. लेख रात्री दीडला संपवला तेव्हा उखिया लिहिलं गेलं. दुरुस्त केलं आहे, आभार. चुकलं तर मान्य करायला मला कधीच लाज वाटत नाही.

आता एसी हॉटेल. हो, एसी होता. कॉक्स बाजार हे समुद्रकिनाऱ्याचं पर्यटनाचं गाव आहे. तिथे राहायचं म्हणजे हॉटेलातच, आणि तिथून रोज सकाळी गाडीने उखिया गाठायचं. संध्याकाळ व्हायच्या आत आम्हा बाहेरच्यांना छावणीतून निघावं लागे, तो नियम होता. 2018मध्ये मी अकरा महिने तिथे पाण्याच्या तपासणीचं काम केलं. त्यातले चार महिने पावसाचे. डोंगरउतारावरच्या मातीच्या पायऱ्या, पाठीवर नमुन्यांची थंड पेटी, गुडघ्यापर्यंत चिखल. हे सांगायची वेळ येऊ नये. पण तुम्ही आणलीत.

आणि पाणी म्हणजे काय हे मला कॉक्स बाजारला जाऊन कळलेलं नाही. मी लातूरची. 2016च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी ‘जलदूत’ आली तेव्हा सगळ्या देशाने वाघिणी मोजल्या, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर. टीव्हीवर आकडा रोज वाढत होता. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार हे मात्र आईला कुणी सांगत नव्हतं. ती रात्री अडीचला उठून घागरी घेऊन टाकीपाशी बसायची. वाघिणीतलं पाणी आणि घागरीतलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिने शिकवलं. कुठल्याही अहवालाने नाही.

तर हापसे.

तुमचं हे एक वाक्य मी चार वेळा वाचलं. बाकीची प्रतिक्रिया रागात लिहिलेली आहे, पण हे वाक्य तुम्ही शांतपणे लिहिलंय, आणि वाचणाऱ्या निम्म्या लोकांनी मनातल्या मनात मान डोलावली असणार. म्हणून त्याचा समाचार घेते. मोजमाप बंद करा, हापसे बसवा. बरं. बसवले की! 25 ऑगस्ट 2017 नंतरच्या काही महिन्यांत म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांवर माणसं सीमा ओलांडून आली. उखियातल्या कुतुपालाँग-बालुखालीच्या टेकड्यांवर बांबू आणि प्लॅस्टिकचं शहर उभं राहिलं. मदत करायला जो तो धावला, संस्था, मशिदी, स्थानिक दानशूर, राजकीय पुढारी. सगळ्यांनी काय बसवलं? हापसे. हजारोंनी. उथळ, कारण उथळ बोअर एका दिवसात होतो आणि संध्याकाळी फोटो निघतो. त्याच आठवड्यात शेजारच्याने संडासाचा खड्डा खणला. ‘स्फिअर’ या मदतकार्याच्या किमान मानकांच्या पुस्तिकेप्रमाणे खड्डा आणि भूजलाचा स्रोत यांच्यात किमान 30 मीटर अंतर हवं. तिथे काही ठिकाणी माझी पावलं मोजून बारा झाली.

हापशाला पाणी येत होतं. गार, नितळ. लोक दुवाही देत होते, तुम्ही म्हणता तसा. आणि घराघरांतल्या कळशीत मैल्याचे जंतू होते. (तिकडेही तिला कोलशीच म्हणतात. पहिल्या दिवशी तो शब्द ऐकून मला माहेरी आल्यासारखं झालं.) पुढे असे कितीतरी हापसे बंद करावे लागले. बंद करावे लागले हे कळलं कशामुळे? कुणीतरी नमुने घेतले म्हणून. कुणीतरी मोजलं म्हणून. याला तुम्ही उधळपट्टी म्हणता.

पण हे तर अलीकडचं. हापशाची खरी गोष्ट त्याच देशात आधी घडून गेली आहे, आणि हापसे सुचवण्यापूर्वी ती तुम्ही वाचायला हवी होती. 1970च्या दशकापासून बांगलादेशात युनिसेफच्या मदतीने सरकारने नलकूप, म्हणजे बोअरचे हापसे, बसवायला सुरुवात केली. तळ्याचं पाणी पिऊन लेकरं हगवणीने मरत होती, हेतू शंभर टक्के चांगला होता. पुढे लोकांनी आपल्या पैशांनीही बसवले. मोजलं काय? नलकूप किती, माणसं किती. आकडे सुंदर होते, जगभर नावाजले गेले. 1993मध्ये चापाई नवाबगंजकडे पाण्यात आर्सेनिक सापडलं, आणि मग हळूहळू कळत गेलं की कोट्यवधी लोक वर्षानुवर्षं विष पीत आले आहेत. 2000मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं गेलं. तळहातांना, तळपायांना पडलेले घट्टे, कातडीवरचे डाग. लग्नं मोडली, पोरी परत आल्या. हगवणीतून वाचवायला बसवलेला हापसा, आणि त्यातून हे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. तुम्ही ती काढली असतीत तर मला घाम फुटला असता. 1992मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेने बांगलादेशातल्या विहिरींच्या पाण्याची तपासणी केली होती. अनेक घटक तपासले, आर्सेनिक तपासलं नाही. त्यावरून एका गावकऱ्याने लंडनपर्यंत खटला नेला आणि 2006मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. म्हणजे मोजमाप झालं होतं, पण जे मोजायचं ते सोडून. तुम्ही हे म्हटलं असतंत तर आपली चर्चा झाली असती. तुम्ही एसी काढलात.

माझ्या लेखाचा मुद्दा नेमका हाच होता, आणि तुम्ही तो वाचलात की नाही याची मला शंका आहे. मी अहवालांचं कौतुक केलेलं नाही. मी म्हटलं होतं की अहवालात नळ किती, संडास किती, साबणाच्या वड्या किती वाटल्या, हे येतं. 250 माणसांमागे एक नळ, 20 माणसांमागे एक संडास, सगळ्या रकान्यांत हिरवा रंग. पण त्या संडासाला आतून कडी आहे का, रात्री तिथवर उजेड आहे का, हे येत नाही. का येत नाही? कारण मूल्यमापन करणारे दिवस मावळायच्या आत निघतात. मीसुद्धा निघत होते. बाया अंधार पडल्यावर तिकडे जायला घाबरतात, म्हणून दुपारनंतर पाणीच कमी पितात, हे मला चौथ्या महिन्यात कळलं. तेही एका आजीबाईंनी माझ्या दुभाषी मुलीच्या कानात सांगितलं म्हणून. माझीसमोर त्या बोलल्या नसत्या. (माझी म्हणजे तिथला मुकादम. माझी नव्हे.) सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये ‘संडास वापरता का?’ याला सगळ्यांचं उत्तर ‘हो’ होतं. खोटं नव्हतं ते. दिवसा वापरतच होत्या.

आपल्याकडे हागणदारीमुक्तीच्या पाट्या लागलेल्या गावांत संडासात गोवऱ्या आणि कडबा रचून ठेवलेला कुणी पाहिला नाही? पाटी खरी, संडास खरा, अनुदान खरं. कॉक्स बाजारला जायचीही गरज नाही.

क्लोरीनचंही तेच. नळावर लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम उरलेलं क्लोरीन सापडलं की तपासनीस खूश. तपासणीची गोळी टाकली, नमुन्याचं पाणी गुलाबी झालं, टिक. पण ते पाणी उन्हात, उघड्या कळशीत, सहा-आठ तास घरात राहतं आणि क्लोरीन उडून जातं. दक्षिण सुदानच्या छावण्यांमधल्या अभ्यासांत हे नीट दिसलंय की नळावरचा आकडा पाळूनही घरातलं पाणी सुरक्षित राहीलच असं नाही. म्हणून घरात जाऊन मोजावं लागतं. त्याला माणसं लागतात, वेळ लागतो आणि हो, पैसा लागतो. शिवाय क्लोरीनचा वास आला की लोक नळ सोडून पुन्हा त्या उथळ हापशावर जातात. म्हणजे तुमचे चार हापसे बसले असते तर लोकांनी दुवा देत देत तेच पाणी प्यायलं असतं. अभिनंदन.

हे सगळं नवीन नाही. 1994च्या जुलैत रवांडातून शेजारच्या झाईरमधल्या (आताच्या काँगोतल्या) गोम्याला आलेल्या निर्वासितांत पटकी (कॉलरा) पसरली आणि महिन्याभरात हजारोंनी माणसं गेली. ज्वालामुखीचा दगड, खड्डा खणता येईना, पाणी किवू सरोवराचं. मदत कमी नव्हती, संस्थांची तर जत्राच होती. त्यानंतर अनेक देशांनी मिळून त्या मदतीचंच मूल्यमापन केलं, 1996मध्ये ते छापलं, आणि 1997मध्ये सुरू झालेल्या स्फिअर प्रकल्पामागे त्या धड्यांचा मोठा हात होता. माणशी रोजच्या ज्या 15 लिटरची तुम्ही टिंगल केलीत तो आकडा त्या स्फिअरचा. तो सरासरीचा आहे हे पुस्तिकेतच लिहिलेलं आहे, तुम्ही शोध लावलेला नाही. टेकडीच्या माथ्यावरच्या घराला सात आणि पायथ्याला तेवीस मिळाले तर सरासरी सुरेख दिसते, हे मला माहीत आहे. माझ्या वहीत तशा टेकड्या आहेत. त्यावर आणखी वाद घालत नाही.

राहता राहिले टेकनाफचे गावकरी. तुमचा मुद्दा चूक नाही, पण माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. एकच परिच्छेद होता हे खरं, मोठा होता. मूळ गावकऱ्यांसाठीचा ‘यजमान समाज’ हा अहवालातला शब्द मला स्वतःला आवडत नाही, यजमानाला पाहुणे येणार म्हणून कुणी विचारलं होतं? टेकनाफमध्ये उथळ भूजल मुळातच कमी, किनाऱ्याकडे खारं. उन्हाळ्यात छावण्यांना टँकरने पाणी द्यावं लागतं, आणि तो टँकर ज्या रस्त्याने जातो त्या रस्त्यावरची गावं तो बघत बसतात. हे मी पाहिलेलं आहे. मराठवाड्यातल्या मुलीला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. उखियातही छावणीतले खोल बोअर चालू झाल्यावर आसपासच्या लोकांचे हापसे कोरडे पडल्याच्या तक्रारी होत्या. आमच्या तपासणीच्या यादीत छावणीबाहेरचे किती हापसे होते, असं तुम्ही पुढे विचाराल. कमी होते. यादी मी केलेली नव्हती. यावर सवडीने स्वतंत्र लिहीन, आता इथे तो विषय काढून फाटे फोडायचे नाहीत.

मूल्यमापनाचा पैसा मी खाल्ला असं तुम्ही थेट म्हटलेलं नाही, पण ‘उधळता’ या क्रियापदाचा कर्ता मीच आहे, एवढं मराठी मला येतं. त्या अकरा महिन्यांचा पगार नमुने गोळा करायचा होता, अहवाल लिहायचा नव्हता. अहवाल लिहायला तीन आठवड्यांसाठी दुसरे लोक आले. त्यांनी माझ्या वह्या मागून नेल्या आणि त्यातले नळाचे आकडे घेतले, घरातले घेतले नाहीत. रकाना नव्हता म्हणे. त्या वह्यांच्या झेरॉक्स अजून माझ्या कपाटात आहेत. कुणाला बघायच्या असतील तर मेल करा, नावानिशी.

ता. क. : तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. फक्त तिच्यातला माझ्या नवऱ्याच्या नोकरीबद्दलचा उल्लेख काढला आहे. त्याचा पाण्याशी काय संबंध होता, हे मला अजून कळलेलं नाही.